घरटी एक माणूस

रोह्याशेजारच्या अष्टमी गावात आमच्या झेरॉक्सच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. मुलं शिकून पांगल्यावर ह्यांनी तिथे भाडेकरू ठेवायचं म्हटलं आणि मी अभ्यासिका काढायचं म्हटलं. घरात शेवटी माझंच चालतं असं हे चारचौघांत सांगतात, तेव्हा तेच खरं धरू. टेबलं आणली, पंखे लावले, कोपऱ्यात माठ ठेवला आणि भिंतीवर स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: 'येथे मोठ्याने बोलू नये.' पाटीचा रंग अजून वाळायचा होता तेवढ्यात एक मुलगी जिना चढून आली. खांद्यावर फुगलेली बॅग, काखेत छत्री. पाटी वाचून मला म्हणाली, "काकू, बोललं तर काय कराल?"

काय करणार, ओरडेन, असं मी म्हटलं. त्यावर ती इतक्या मोठ्याने हसली की पाटीचा पहिला भंग तिच्याच हातून झाला.

ही वनिता. मुलगी म्हटलं खरं, पण तेव्हाच तिशी उलटलेली होती. गाव पेणजवळच्या गडबपासून आत, खाडीच्या अंगाला. वडील नामदेव मिठागरावर राबायचे आणि बांधाला लागून थोडी भातजमीन कसायचे. ते जाऊन बरीच वर्षं झालेली. गावात आई एकटी, भाऊ धाटावला कंपनीत. त्याची खोली आमच्या गल्लीतच, म्हणून ही आठवडाभर त्याच्याकडे आणि शनिवारी नागोठण्याची एसटी धरून गावी. सकाळी नदीपलीकडे रोह्यात एका क्लासमध्ये राज्यघटना शिकवायची आणि उरलेला दिवस माझ्या खोलीत स्वतःचा अभ्यास. राज्यसेवा द्यायची आणि उपजिल्हाधिकारी व्हायचं, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. एकदा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आली होती. वयाची मर्यादा जवळ येत चालली होती, तेही तिनेच सांगितलं, अगदी बस चुकल्याचं सांगावं तसं.

माझ्याकडे येणारी पोरं राज्यघटना पाठ करायची. कलमांची गाणी करायची, भिंतीला तोंड करून पुटपुटायची. वनिता पाठ काही करत नसे. ती क्रियापद बघायची. वाक्य कितीही लांबलचक असो, तिचं बोट सरकत सरकत शेवटच्या शब्दाखाली जाऊन थांबायचं. 'करील' आहे की 'करता येईल' आहे? 'करील' म्हणजे सुटका नाही, 'करता येईल' म्हणजे मर्जी. "सगळी घटना हितं हाय," ती बोट आपटून सांगायची, "बाकी नावंगावं." पुस्तकातल्या प्रत्येक पानाची शेवटच्या शब्दांखालची जागा तिच्या बोटाने मळून काळी झाली होती.

हे वेड पुस्तकात राहिलं असतं तर ठीक होतं. कोणी म्हटलं, ताई, उद्या तुमची कात्री परत देतो, की हिचा प्रश्न तयार: "देशील की देता येईल?" खरं म्हणजे कात्री परत न देण्यात तिचाच हात धरणारं कोणी नव्हतं. माझ्या दुकानातल्या दोन कात्र्या आणि एक स्टेपलर तिच्या बॅगेत नांदत होते. दुसऱ्याचा डबा उघडून वास घ्यायची आणि कालवण आवडलं तर सरळ पोळी बुडवायची. शुद्धलेखन चुकलं की अंगावर यायची. आणि शिकवायला लागली की वेळ विसरायची. क्लासमध्ये शिकवून यायची ते यायची, वर माझ्या खोलीत जो अडला असेल त्याच्या टेबलाशी जाऊन बसायची. मी तिला किती वेळा म्हटलं असेल की बाई, परीक्षा तुझी, आणि तू कसल्या लष्कराच्या भाकऱ्या भाजत बसलीस. ती म्हणायची, भाजता भाजता माझी पण होते की एखादी.

पंख्याची गोष्ट सांगायला हवी. मे महिन्यात खोलीत जीव उकडून निघायचा आणि पंखा पाचावर असावा असं सगळ्यांचं म्हणणं. एक अश्विनी तेवढी नको म्हणायची. ती मूळची रोह्याच्या आतल्या खेड्यातली, वालाची शेती असणाऱ्या घरातली, हडकुळी पोरगी. वाऱ्याखाली बसली की तिला दम लागायचा. भांडण झालं, आणि न्याय करायला वनिताला बसवलं. तिने मतदान घेतलं. हात वर झाले, अश्विनीचा एकटीचा खाली राहिला, आणि पोरं जिंकल्यासारखी हसली. वनिता म्हणाली, पंखा लागला, बहुमत झालं. मग ती उठली, पंख्याच्या झोताबाहेर खिडकीशी जी सगळ्यात चांगली जागा होती तिथल्या मुलाला उठवलं आणि अश्विनीला बसवलं. तो मुलगा कुरकुरला तेव्हा त्याला म्हणाली की बहुमताने पंखा लावता येतो, एखाद्याला आजारी पाडता येत नाही. मूलभूत हक्कांवर मी इतकी वर्षं कानावर पडेल ते ऐकत आले, पण मला ते समजलं त्या दुपारी. अश्विनी त्या दिवसापासून तिची सावली झाली.

याच अश्विनीने तो प्रश्न विचारला होता. भाग चार चालला होता, मार्गदर्शक तत्त्वांचा. सदतिसावं कलम सांगतं की ही तत्त्वं कोर्टाकरवी अमलात आणता येणार नाहीत, आणि त्याच दमात सांगतं की तरीही देशाच्या कारभाराला ती पायाभूत आहेत. अश्विनी म्हणाली, ताई, जे पाळलं नाही तर कोर्ट काही करू शकत नाही, ते लिहून तरी कशाला ठेवलं? एका मार्कासाठी आपण कशाला पाठ करायचं?

मी खाली गिऱ्हाईक सोडून जिन्यात उभी राहिले, कारण प्रश्न मलाही पडला होता. वनिताने पुस्तक मिटलं आणि आपल्या गावच्या बांधाचं सांगितलं.

तिच्या गावाची सगळी शेतं खाडीच्या पातळीला. मध्ये एक मातीचा बांध. उधाणाला बांध फुटतो, त्याला तिकडे खांड गेली म्हणतात. खारं पाणी आत शिरून साचलं की उभं भात तर जातंच, पण जमीनही पुढची काही वर्षं रुसते. म्हणून जुना कायदा असा: खांड गेली की पुढच्या ओहोटीला घरटी एक माणूस बांधावर हजर. घरात पाळणा हलला असेल किंवा मयत झालं असेल तरच सूट. हे कुठे लिहिलेलं नाही. न येणाऱ्याला दंड नाही, वाळीत टाकणं नाही. काम संपलं की गावचे गोमानाना बांधावर उभे राहून तोंडपाठ एकेका घराचं नाव घेतात आणि त्या घरचा माणूस 'हाय' म्हणतो. ज्या घरचा आवाज आला नाही, ते घर सोडून नाना पुढचं नाव घेतात. बस, एवढंच.

वडील गेल्यानंतर पहिली खांड गेली तेव्हा भाऊ शिफ्टला होता. वनिता कॉलेजात होती, ती गेली. बायका चिखल वाहायला असायच्याच, पण त्या आपल्या घरच्या पुरुषाबरोबर. नावं घेताना गोमानाना नामदेवाच्या घराशी आले आणि तिच्याकडे बघून अडले. कोणीतरी मागून म्हणालं, घरचा बाप्या कुठं हाय? तेव्हा ही पोर म्हणाली, "नाना, कायदा घरटी एक माणूस असा हाय ना? का बाप्या असा हाय?" नाना म्हातारा माणूस, पण शब्दाचा पक्का. त्यांनी मनातल्या मनात ते वाक्य म्हणून बघितलं असावं. मग म्हणाले, मानूस. आणि पुन्हा हाक दिली, नामदेवाचं घर. आणि ही म्हणाली, हाय. तेव्हापासून प्रत्येक खांडीला बापाच्या नावाला ही ओ देत आलेली.

"आता सांग," ती अश्विनीला म्हणाली, "या कायद्याला कोर्ट कुठलं? आणि तो नसता तर माझं गाव असतं का?"

मी खाली जाऊन गिऱ्हाइकाच्या सुट्ट्या पैशांत गोंधळ केला. घटना दिल्लीत बसून मोठमोठ्या माणसांनी लिहिली असं मी समजत होते. तिचा अर्थ लावायला कोणी खाडीकाठचा चिखल आणील आणि तो असा चपखल बसेल, असं वाटलं नव्हतं. मला त्या मुलीचा तेव्हापासून थोडा धाकच वाटायला लागला.

तिने शिकवलेली पोरं एकेक करून लागत गेली. कोणी मंत्रालयात, कोणी तहसीलला. पेढे घेऊन यायची, पाया पडायची. ती अर्धा पेढा स्वतः खायची, अर्धा मला द्यायची आणि पुस्तकात डोकं घालायची. तिच्या डोळ्यांत काही दिसतं का म्हणून मी चोरून बघायची, माणसाची जात आहे. दिसायचं. पोरं गेल्यावर ती माठातलं पाणी प्यायची आणि भांडं हातात धरून जरा वेळ उभी राहायची. मग नाक ओढून कामाला लागायची.

आणि मग तिची शेवटची संधी आली. शेवटची म्हणजे खरोखरची, यानंतर वय निघून जाणार होतं. पूर्व परीक्षा पास झाली, मुख्य परीक्षेला तिचं आणि अश्विनीचं केंद्र नवी मुंबईत आलं. सुरुवातीचे पेपर दोघींनी दिले, मध्ये दोन दिवस मोकळे होते म्हणून परत आल्या. पुढचा पेपर राज्यघटनेचा होता. वनिताचा पेपर, असंच आम्ही सगळे म्हणत होतो. तिला त्यात कोण हरवणार? आदल्या दिवशी दुपारी दोघी माझ्या खोलीत बसल्या होत्या, बॅगा भरून. संध्याकाळी निघून अश्विनीच्या मामाकडे पनवेलला मुक्काम करायचा ठरला होता. मी डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली.

भाद्रपदातली अमावास्या होती, भात पोटरीला आलेलं. वनिताचा फोन वाजला. दुपारच्या भरतीला खांड गेली होती, आणि मोठी. फोनवर आई होती. तिने फक्त कळवायला फोन केला होता, ये म्हणाली नव्हती. संध्याकाळच्या ओहोटीला अंधार पडणार, म्हणून खरं काम पहाटेच्या ओहोटीपासून दुपारपर्यंत चालणार होतं, पाणी पुन्हा चढायच्या आत. म्हणजे नेमकं पेपरच्या वेळेला. वनिताने भावाला फोन लावला. त्याच्या प्लांटमध्ये बॅच लागली होती, बदली माणूस आला नव्हता, तो जागा सोडून हलू शकत नव्हता.

तिने फोन ठेवला आणि मला कळलं. तिच्या तोंडावरूनच कळलं.

मी तिला काय काय म्हणाले. मजूर लाव म्हटलं. तुझी जमीन ती केवढी, म्हटलं. एका माणसावाचून बांध अडणार आहे का, म्हटलं. गोमानानांना मी तिलाच फोन लावायला लावला. त्यांचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "नको येव गो पोरी. तुजी परीक्षा हाय ना? तुज्या घराला कोन बी काय बोलनार नाय." मी म्हटलं, ऐकलंस? आता तरी ऐक. अश्विनी रडायला लागली होती.

वनिताने फोन टेबलावर पालथा ठेवला. तिला काहीच वाटत नव्हतं असं कोणी समजू नये. तिने पुस्तक उघडलं, एका ओळीच्या शेवटच्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि पुन्हा मिटलं. मग म्हणाली, "काकू, मला कोणी जाब विचारणार नाय. म्हणून तर जायला लागतं."

मी म्हटलं, मूर्ख आहेस तू.

"आसेन," ती म्हणाली. "पण उद्या त्या पेपरात मी सदतीस कलम लिवलं असतं, आणि माझ्या घराच्या नावाला बांधावर आवाज नसता. मग ते लिवणारी मी कोण?"

तिने बॅगेतून प्लास्टिकचं पाकीट काढलं, त्यातली चांगली पेनं अश्विनीला दिली आणि प्रवेशपत्र माझ्या हातात ठेवलं. भिजेल, म्हणाली. अश्विनीला म्हणाली, नीट लिही, क्रियापदं बघ. डबा तेवढा बरोबर नेला. मी खिडकीतून बघत होते. ती पुलावरून स्टँडकडे गेली, नेहमीसारखी भरभर, छत्री काखेत. एकदाही मागे वळली नाही, आणि मी रडले, रागानेच म्हणा.

खांड दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीआधी बुजली. बरंचसं भात वाचलं. अश्विनीने पेपर लिहिला.

वनिता सोमवारी परत आली. खोलीत कोणाला कळेना की कुठे बघावं. नखांत चिखल, उन्हाने नाक सोललेलं. तिने माझ्या टेबलावर माझी कात्री आणून ठेवली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि दुसऱ्या एका मुलाला विचारलं, तुमचा भाग चार झाला होता ना? मग पाचवा काढा. आणि शिकवायला लागली. मधेच ती उठली, माठाकडे गेली, पाणी प्यायली आणि परत येऊन त्याच ओळीपासून पुढे निघाली. मी तिच्याशी चार दिवस नीट बोलले नाही. पाचव्या दिवशी तिने माझ्या डब्यातल्या वालाच्या बिरड्यात पोळी बुडवली आणि आमचं भांडण मिटलं.

पुढे अश्विनी नायब तहसीलदार झाली. पेढे घेऊन आली तेव्हा ती वनिताच्या गळ्यात पडून रडली, आणि वनिता तिच्यावर डाफरली की अर्जातलं शुद्धलेखन तरी सुधारलंस का. आता वनिताने पेणला स्वतःचा क्लास काढला आहे. तिथून गाव जवळ, आईही थकली. माझी अभ्यासिका चालू आहे, पण तिच्या टेबलावर कोणी बसलं की मला अजून उठवावंसं वाटतं.

तिला शेवटची भेटले ती वैशाखात. पावसाळ्याआधी गाव बांधाची डागडुजी करतं, तेव्हाही तोच कायदा. ती म्हणाली, काकू, एकदा बघायला या. ह्यांना घेऊन मी गडबला उतरले आणि सहा आसनी रिक्षाने आत गेले. बांधावर सगळं गाव होतं. वनिता साडी खोचून, डोक्यावर घमेलं घेऊन ओळीत होती. चिखलाच्या पायांनी येऊन मला म्हणाली, बसा तिकडं सावलीला, आणि पुन्हा ओळीत गेली. मला सावली कुठे दिसेना, पण बसले.

काम उरकल्यावर गोमानाना काठी टेकत बांधावर उभे राहिले आणि नावं घ्यायला लागले. धर्माचं घर. हाय. बाळारामाचं घर. हाय. नावं घरांच्या ओळीने जात होती. वनिताचं घर पांडुरंगाच्या पलीकडचं, ते तिनेच सांगितलं होतं. मी कान देऊन बसले. ती गोष्ट मी जिन्यात उभी राहून ऐकली होती, आता प्रत्यक्ष ऐकायची होती: नामदेवाचं घर.

पांडुरंगाचं घर झालं. नाना जरा थांबले, दम खायला थांबले असतील. बाकीची सगळी घरं बापांच्या नि आज्यांच्या नावाची होती, काही तर मरून पिढी लोटलेल्या माणसांची. कोणी ठराव केला नव्हता, कोणी नानांना सांगितलं नव्हतं, हे मी नंतर विचारून घेतलं.

"वनिताचं घर," नाना म्हणाले.

ती घमेलं धूत होती. तिचे हात थांबले. सगळं गाव तिच्या आवाजाची वाट बघत उभं होतं.

"हाय," ती म्हणाली.